जर्मनीत मास्टर्स करायचंय? आधी कागदांचा क्रम लावा

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात शिकण्याची पात्रता आपल्याकडच्या खूप मुलामुलींकडे असते. गाडी अडते ती कागदांच्या क्रमावर. एपीएस, म्हणजे भारतीय पदवीच्या पडताळणीच्या, प्रमाणपत्राशिवाय व्हिसा नाही. घराशिवाय पत्त्याची नोंद नाही, नोंदीशिवाय करक्रमांक नाही, आणि करक्रमांक वेळेत दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. एक कागद महिनाभर लांबला की मागचे सगळे लांबतात, आणि कधीकधी अख्खं सेमिस्टर हातचं जातं.

म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. मी कोल्हापूरहून ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आलो, आणि पुढे आपल्याकडून येणाऱ्या मुलांना घर, विमा, परीक्षा यांत मदत करत राहिलो. २०२३-२४च्या हिवाळी सेमिस्टरमध्ये जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. इतकी मुलं येत असताना प्रत्येकाने तेच प्रश्न पहिल्यापासून, एकट्याने सोडवत बसावं हे मला पटत नाही.

विद्यापीठ आणि शहर कसं निवडायचं

जर्मनीतलं शिक्षण फुकट आहे, हे अर्धं खरं आहे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरो सेमिस्टर वर्गणी भरावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यातच प्रवासाचं तिकीट येतं. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. कार्ल्सरूहं, स्टुटगार्ट, हायडेलबर्ग ही सगळी त्या राज्यात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. मास्टर्सला ते बहुतेक अभ्यासक्रमांत सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. खाजगी विद्यापीठांचा हिशेब तर पूर्णपणे वेगळा.

आपल्या शहरातल्या सल्लागाराने एखादं नाव फारच आग्रहाने पुढे केलं, तर ते विद्यापीठ सरकारी आहे की खाजगी हे आधी विचारा. खाजगी संस्था प्रवेशामागे सल्लागाराला पैसे देतात, सरकारी विद्यापीठं तसं सहसा करत नाहीत. त्यामुळे सल्ला कुणाच्या सोयीचा आहे हे तपासून घेणं हा तुमचा हक्क आहे. अभ्यासक्रम शोधायला डाआडचं (परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या जर्मन संस्थेचं) संकेतस्थळ पुरेसं आहे, आणि ते मोफत आहे.

संशोधनाची ओढ असेल तर विद्यापीठ, थेट उद्योगात जायचं असेल तर होखशूलं, म्हणजे प्रत्यक्ष वापरावर भर देणारी उच्च शिक्षण संस्था, असा ढोबळ विचार करा. होखशूलंमध्ये वर्ग लहान असतात आणि प्रकल्प कंपन्यांबरोबर चालतात. आपल्याकडे तिला दुय्यम समजतात, ते चुकीचं आहे. वाहन किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांना मी कित्येकदा तीच सुचवतो.

शहराच्या भाड्याकडे जरूर पाहा. ब्राउनश्वाइग, केम्निट्झ, माग्डेबुर्ग, काइजर्सलाउटर्न अशा शहरांत वसतिगृहाची खोली मिळाली तर महिना बऱ्यापैकी निभतो. म्युनिक किंवा फ्रँकफर्टमध्ये भाड्यातच निम्म्याहून जास्त पैसे जातात.

गुणांचं रूपांतर स्वतः करा

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण बव्हेरियन सूत्राने बदलतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास गुणांमधल्या फरकाने भागा, ३ने गुणा आणि १ मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पास होण्याची किमान पायरी ४ असेल तर उत्तर २.० येतं. तीच पायरी ५ असेल तर २.२. फरक छोटा दिसतो, पण ज्या अभ्यासक्रमाची मर्यादा २.० आहे तिथे तो निर्णायक ठरतो. म्हणून आपल्या विद्यापीठाची उत्तीर्णतेची किमान पायरी गुणपत्रकाच्या मागे किंवा ट्रान्स्क्रिप्टवर छापलेली आहे ना, ते बघा. नसेल तर परीक्षा विभागातून तसं पत्र घ्या. एटीकेटी लागली म्हणून सगळं संपलं असं नाही. अंतिम सरासरी आणि विषयांची जुळणी यांना जास्त वजन असतं.

विषयांची जुळणी हा मुद्दा आपली मुलं फार हलका घेतात. प्रवेशाच्या नियमावलीत गणिताचे इतके क्रेडिट, प्रोग्रॅमिंगचे इतके, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नऊच्या वर सीजीपीए असूनही केवळ गणित कमी पडलं म्हणून नकार येतो. आपल्या पदवीचा अभ्यासक्रम विषयवार उघडून त्या यादीशेजारी ठेवा. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम काही विद्यापीठांना चालते, काहींना नाही, तेव्हा अर्जाचे पैसे भरण्याआधी त्यांना ईमेलने विचारा.

दीड वर्ष आधीपासूनचं काम

ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू व्हायचे असतील तर आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात भाषा सुरू करा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी निघण्याआधी ए२ पातळी गाठा, जमलं तर बी१. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात, म्हणजे आपल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, चांगलं शिकवतात. वर्गात इंग्रजी चालतं. घरमालक, नगरपालिका, दवाखाना आणि पार्टटाइम नोकरी या चारही ठिकाणी जर्मन लागतं.

त्याच पावसाळ्यात ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज करा आणि आयईएल्टीएस किंवा टोफेल देऊन टाका. त्यानंतर एपीएस. भारतीय पदव्यांची पडताळणी करणारं हे कार्यालय दिल्लीत आहे, आणि नोव्हेंबर २०२२पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्याचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. शेवटच्या वर्षात शिकत असतानाही अर्ज करता येतो. निकालाची वाट पाहत बसू नका; गर्दीच्या महिन्यांत प्रमाणपत्राला बरेच आठवडे लागतात, आणि पुष्कळ विद्यापीठं ते प्रवेश अर्जासोबतच मागतात.

इथे एक खास आपल्याकडची अडचण येते. दहावी-बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. जर्मन कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने भरा. स्पेलिंगमध्ये फरक असेल, किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर प्रतिज्ञापत्र आणि शक्यतो राजपत्रातली नोंद आत्ताच करून ठेवा. व्हिसाच्या आठवड्यात तहसील कचेरीच्या खेपा घालणं नको.

अर्ज

काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात, काही उनी-असिस्ट या संस्थेमार्फत. तिथे एका सेमिस्टरमधल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. हिवाळी सेमिस्टरची सर्वपरिचित शेवटची तारीख १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी अभ्यासक्रमांची मुदत पुष्कळदा मार्चमध्ये किंवा मेअखेर संपते. शिवाय उनी-असिस्टला कागद तपासायला वेळ लागतो, तेव्हा मुदतीच्या सहा-आठ आठवडे आधी अर्ज गेलेला बरा.

एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुपत्रात, लहानपणापासूनच्या आवडीचं वर्णन नको. पदवीच्या प्रकल्पात नेमकं काय केलंत, कुठल्या विषयावर पुढे काम करायचंय, आणि त्या विभागातले कोणते विषय त्यासाठी उपयोगी पडतील, एवढं एका पानात लिहा. सहा ते आठ अर्ज नीट अभ्यास करून केले तर पुरतात.

पैसे

व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च बंद खात्यात दाखवावा लागतो. सगळे त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो तुमच्या चालू खात्यात येतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे बारा लाख होतात. पैसे तुमचेच असतात, कुणाला दिलेले नसतात, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. आईवडिलांना ती रक्कम फी वाटते आणि ते उगाच धास्तावतात.

खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा आहे. मास्टर्स म्हणजे १२० क्रेडिट, कागदावर दोन वर्षं. अनेकांना अडीच लागतात. बंद खात्यात मात्र एकाच वर्षाचे पैसे असतात. पार्टटाइम नोकरीवर दुसरं वर्ष भागेल असं गृहीत धरून निघालेल्या मुलांचा अभ्यास हमखास मागे पडलेला मी पाहिला आहे. कर्ज घेत असाल तर दोन्ही वर्षांचं मंजूर करून घ्या आणि लागेल तसं उचला. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. एप्रिल २०२५पासून मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएसही (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) नाही.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर मागास, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत, आणि मराठा समाजासाठी सारथी या सरकारी संस्थेची. यांत उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी असतात, आणि जर्मनीतली बरीच उत्तम विद्यापीठं त्या क्रमवारीत खाली दिसतात. म्हणून शिष्यवृत्तीवर विसंबून असाल तर त्या वर्षाची जाहिरात हातात घेऊन मगच विद्यापीठांची यादी करा.

व्हिसा

२०२५पासून राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज आधी ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर भरायचा असतो. तिथली प्राथमिक तपासणी झाली की मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. शुल्क ७५ युरो. १ जुलै २०२५पासून नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद झाली आहे. आता नकार आला तर नव्याने अर्ज करा किंवा जर्मन न्यायालयात जा. म्हणून पहिलीच फाइल परिपूर्ण हवी: प्रवेशपत्र, एपीएस, बंद खात्याची पावती, विमा, आणि शिक्षणातल्या प्रत्येक खंडाचं स्पष्टीकरण. दोन वर्षं नोकरी केली असेल तर अनुभवपत्र जोडा. घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल तर तसं सरळ लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बॅग

थोडक्यात सांगतो. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच राहू द्या. हापूसची पेटीही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आत येत नाही. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, भाजणी चालते, वेष्टनावर नाव लिहून. कुकर आणाच. जाड जॅकेट तिथे जाऊन घ्या.

घर: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी स्टुडिएरेंडनवेर्कच्या वसतिगृहासाठी अर्ज टाका. ही विद्यार्थी सेवा संस्था प्रत्येक विद्यापीठ शहरात असते, तिच्या खोल्या सर्वांत स्वस्त असतात आणि प्रतीक्षा यादी काही महिन्यांची असते. काही शहरांत प्रवेशाआधीच नाव नोंदवता येतं.

बाहेर शोधताना दोन आकडे दिसतील. काल्टमीटं म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटं म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. तुलना नेहमी वार्ममीटंची करा, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का ते विचारा. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकीच घेता येते, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. हे फार कमी मुलांना माहीत असतं, आणि पहिल्या महिन्यात नेमकी याचीच गरज असते.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे: खोली सुंदर, भाडं आश्चर्यकारक कमी, मालक सध्या परदेशात, किल्ली कुरिअरने पाठवतो, तुम्ही आधी अनामत पाठवा. स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने खोली पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. शहरात आधीपासून असलेल्या मराठी किंवा भारतीय विद्यार्थ्यांच्या गटाला निःसंकोच विचारा, अर्धा तास काढून खोली बघून येणारं कुणीतरी निघतंच. मीही असाच अनोळखी मुलांसाठी खोल्या बघून आलो आहे, आणि कुणी माझ्यासाठीही.

खोली घेताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: इथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करता येईल का? मालकाने सही केलेला वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग हा कागद त्यासाठी लागतो. तो द्यायला नकार देणारं घर, कितीही स्वस्त असलं तरी, तुमच्या कामाचं नाही.

पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग, करायची. तिची वेळ भारतात असतानाच ऑनलाइन घ्यायचा प्रयत्न करा. नोंद झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो, म्हणून टपालपेटीवर आपलं नाव ठळक लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँक खातं, बंद खात्याचा हप्ता सुरू करणं आणि विद्यापीठातली नावनोंदणी त्याच काळात.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारमान्य आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. काही एजंट स्वस्त खाजगी विमा गळ्यात मारतात. एकदा खाजगी निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही, आणि दात किंवा डोळ्याचा खर्च आला की बचत कुठल्या कुठे जाते. सरकारीच घ्या. तिशी ओलांडलेल्यांना मात्र हा दर मिळत नाही. त्यांनी निघण्याआधीच चौकशी करावी.

मग एक पत्र येईल रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरोंचं. टीव्ही नाही म्हणून ते टाकून देऊ नका. ही वर्गणी घरामागे असते, माणसामागे नाही. एका घरात चौघं राहत असाल तर एकाने भरायची आणि चौघांत वाटून घ्यायची.

निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ लगेच मागा. व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचलेला असणं महत्त्वाचं. अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा.

अभ्यास आणि परीक्षा

हजेरी बहुतेक व्याख्यानांना सक्तीची नाही. युनिट टेस्ट नाहीत, कुणी विचारत नाही. सेमिस्टरच्या शेवटी दीड-दोन तासांची एकच परीक्षा आणि तिच्यावरच सगळे गुण. आपल्याकडे शेवटच्या पंधरा दिवसांत जमतं ते इथे जमत नाही, कारण प्रश्न पाठांतरावर नसतात. आठवड्याच्या उबुंगमध्ये, म्हणजे गणितं सोडवण्याच्या तासाला, जे घडतं त्यावर ते असतात. व्याख्यान चुकलं तर स्लाइड मिळतील, उबुंग चुकवू नका.

प्रत्येक परीक्षेसाठी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि त्याची मुदत असते. ती हुकली तर अभ्यास झालेला असूनही बसता येत नाही. तयारी नसेल तर नाव मागे घ्यायचीही मुदत असते. साधारणपणे एका विषयाला तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा सक्तीचा विषय गेला तर नाव विद्यापीठातून काढलं जातं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. दुसरीकडे, ३.७ मिळाले आणि सुधारायचे आहेत, तर बहुतेक ठिकाणी पास झालेली परीक्षा पुन्हा देता येत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला सहा विषय न घेता चार घ्या. आपल्या विभागाची परीक्षा नियमावली मिळवा आणि शब्दकोश घेऊन वाचा. कुणा सीनियरच्या सांगण्यावर राहू नका, नियम दर विभागात बदलतात. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या.

प्राध्यापकांना मत विचारलं की ते मत देतात, आणि तुमचंही अपेक्षित असतं. प्रबंधात आकडे मार्गदर्शकाच्या अंदाजाविरुद्ध गेले तर तसं लिहायचं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांनी कवट्यांची मोजमापं करून, मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या वंशविषयक गृहीतकाला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष मांडला होता. त्या वातावरणात त्याला किती धैर्य लागलं असेल, याची कल्पना करवत नाही. आपल्याला तर फक्त आलेख खरा काढायचा असतो.

काम आणि पुढचे अठरा महिने

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. १ जानेवारी २०२६पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. विद्यापीठातच सहायकाचं काम मिळालं तर ते घ्या, कारण ते या दिवसांच्या हिशेबात धरलं जात नाही आणि प्रबंधाचा विषयही पुष्कळदा तिथूनच निघतो. कंपनीत वेर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा विद्यार्थी, म्हणून वर्ग चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळा. पहिल्या सेमिस्टरमध्ये काम शोधू नका, भाषा आणि अभ्यास बसू द्या.

पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो. तोही आपोआप मिळत नाही: निकालाचं पत्र, विमा आणि खर्चाची सोय दाखवून, विद्यार्थी परवाना संपण्याआधी अर्ज करावा लागतो. पदवीचं प्रमाणपत्र छापून यायला वेळ लागतो, म्हणून शेवटचा गुण नोंदला गेला की लगेच परीक्षा कार्यालयाकडून सर्व अटी पूर्ण झाल्याचं पत्र मागून घ्या आणि तेच जोडा.